कर्मशाळेची जमीन : उबदार की शीतल?

गृहबांधणीविषयीची पाश्चात्त्य पुस्तके चाळताना एक प्रकरण वारंवार भेटते. घरापासून थोड्या अंतरावर मोटारीसाठी स्वतंत्र खोली बांधावी, तिच्यातच सुतारकामाची, लोहारकामाची किंवा यंत्रदुरुस्तीची छोटी कर्मशाळा थाटावी, आणि तिची काँक्रीटची जमीन आतून खेळविलेल्या गरम पाण्याने उबदार ठेवावी, असा त्या प्रकरणाचा आशय असतो. आकृत्या सुबक असतात, मापे काटेकोर असतात. मात्र ज्या प्रदेशासाठी ते लिहिलेले असते, तेथे वर्षातील चार-पाच महिने बाहेर बर्फ असते, आणि थंडगार काँक्रीटवर तासभर उभे राहिले तरी पाय बधिर होतात, ही गोष्ट आकृतीत दाखविलेली नसते.

असे प्रकरण मराठीत आणताना फुटाचे मीटर आणि फॅरनहाइटचे सेल्सियस करणे सोपे आहे. परंतु छत्तीसगडातील रायपूरसारख्या शहरी राहणाऱ्या मराठी वाचकाने त्यातील आकृती जशीच्या तशी गवंड्यासमोर ठेवली, तर त्याचा पैसा वाया जाईल. एवढेच नव्हे, तर मे महिन्यात ज्या खोलीत दुपारी हातात रंधा धरवणार नाही, अशी खोली त्याच्या पदरी पडेल. म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टी एकत्र पाहावयाच्या आहेत : उबदार जमिनीचे तत्त्व काय, आणि ते तत्त्व रायपूरच्या हवामानात व मातीत कोणते रूप घेते.

तापविलेल्या जमिनीचा पूर्वेतिहास

जमीन तापविण्याची कल्पना काँक्रीटपेक्षा आणि नळांपेक्षाही जुनी आहे. रोमन स्नानगृहांत विटांच्या ठेंगण्या खांबांवर जमीन तोलून धरीत आणि भट्टीतील तप्त वायू तिच्याखालून फिरवीत. कोरियातील ‘ओंदोल’ पद्धतीत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर जमिनीखालच्या बोळांतून नेऊन घराच्या दुसऱ्या टोकाला धुराड्यावाटे बाहेर सोडीत. एकाच सरपणावर भातही शिजे आणि झोपावयाची दगडी जमीनही ऊबदार होई. भारतातही हे तंत्र परके नाही. काश्मीरमध्ये अनेक मशिदींना जोडून ‘हमाम’ असतो. तेथे दगडी लाद्यांखाली लाकडे जाळतात आणि हिवाळ्यात लोक त्या उबदार लाद्यांवर बसून गप्पागोष्टी व प्रार्थना करतात.

विसाव्या शतकात धुराची जागा पाण्याने घेतली. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने जपानमध्ये असताना कोरियन पद्धतीच्या खोलीचा अनुभव घेतला होता. १९३६-३७ साली मॅडिसन येथे हर्बर्ट जेकब्ज यांच्यासाठी बांधलेल्या लहानशा घरात त्याने काँक्रीटच्या जमिनीखाली नळ टाकून ती तापविली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन या वसाहतीत हजारो स्वस्त घरे उभी राहिली, त्यांच्या जमिनीतही तांब्याचे नळ होते. पुढे त्यांपैकी अनेक नळ काँक्रीटच्या आतच गळू लागले आणि जमीन फोडल्याशिवाय दुरुस्ती होईना. आज यासाठी खास प्रकारच्या पॉलिथिलीनच्या अखंड, सांधे नसलेल्या नळ्या वापरतात. तथापि जे काँक्रीटमध्ये गाडले ते सहजासहजी दुरुस्त होत नाही, हा लेव्हिटटाउनचा धडा आजही तितकाच खरा आहे.

काँक्रीटच्या पोटातील उष्णता

काँक्रीटची जमीन म्हणजे उष्णतेची कोठीच होय. आपण ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशी कर्मशाळा कल्पू. तिच्यात साडेबारा सेंटिमीटर जाडीची जमीन घातली, तर काँक्रीट बरोबर ३ घनमीटर लागते आणि त्याचे वजन सुमारे ७,२०० किलोग्रॅम भरते. एवढे काँक्रीट केवळ एका अंशाने तापविण्यास जवळजवळ १.८ युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. ७० वॅटचा छताचा पंखा तेवढ्या विजेवर पंचवीस तास फिरेल. अशी जमीन तापण्यास वेळ लागतो आणि निवण्यासही वेळ लागतो. थंड देशात हाच तिचा गुण ठरतो. रात्री तापवून ठेवलेली जमीन दिवसभर मंद ऊब देत राहते.

ही ऊब माणसापर्यंत पोहोचते ती मुख्यतः प्रारणाच्या, म्हणजे किरणरूपाने उष्णता बाहेर पडण्याच्या मार्गाने. आपल्याला गरम वाटते की गार, हे केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. भोवतालच्या भिंती, छत आणि जमीन यांच्या तापमानाचाही त्यात जवळजवळ तितकाच वाटा असतो. हवा थंड असली तरी जमीन उबदार असेल, तर मनुष्य सुखाने काम करू शकतो. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, हवा कितीही हलविली तरी डोक्यावरचा पत्रा तापलेला असेल, तर पंख्याखालीही जीव घुसमटतो.

थंड देशांतील बांधकामात या जमिनीच्या खाली आणि कडेने कृत्रिम फेसाचे, म्हणजे आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो त्या जातीचे जाड तक्ते अंथरतात. खालची माती गार असल्यामुळे तसे केले नाही, तर विकत घेतलेली उष्णता मातीतच मुरून जाईल. आपल्या वाचकाने नेमके याच तक्त्यांविषयी सावध राहावयाचे आहे.

रायपूरच्या ऋतूंचा हिशेब

रायपूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरील मैदानी शहर आहे. मे महिन्यातील दुपारचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत हवा ओलीचिंब राहते. जानेवारीत पहाटे पारा साधारण १३ अंशांपर्यंत उतरतो. दुपारी मात्र ऊन सुखकर असते. म्हणजेच ऊब हवीशी वाटण्याचे दिवस थोडे, तेही सकाळचे काही तास. तेवढ्यासाठी दक्षिणेकडे एक खिडकी पुरेशी आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिच्यातून ऊन आत येते, आणि उन्हाळ्यात तो डोक्यावर असल्याने लहानसा छज्जाही ते अडवितो.

मग येथे जमिनीचे कार्य काय? उत्तर मातीच्या पोटात आहे. दिवसाची उष्णता मातीत काही सेंटिमीटरच उतरते; ऋतूंची उष्णता दोन-तीन मीटरपर्यंत जाताना क्षीण होत जाते. काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिर असते. रायपुरात ही सरासरी सुमारे २६-२७ अंश आहे. मे महिन्यातील दुपारच्या हवेशी तुलना करता ही माती पंधरा अंशांनी शीतल होय. छपराच्या सावलीत असलेली आणि मातीला थेट टेकलेली जमीन या थंडाव्याशी जोडलेली राहते. ती खोलीतील उष्णता शोषून खाली सोडते. तिच्याखाली थर्मोकोल अंथरणे म्हणजे विहिरीच्या तोंडावर झाकण ठोकून तहानलेले राहणे होय. जे तक्ते पाश्चात्त्य आकृतीत जमिनीखाली दाखविलेले असतात, ते रायपुरात छताकडे गेले पाहिजेत.

जुन्या छत्तीसगडी घरांनी हे सूत्र आपल्या पद्धतीने पाळले होते. मातीच्या जाड भिंती, वर खापरांचे छप्पर आणि खाली शेणाने सारविलेली, मातीशी एकजीव जमीन. तापलेली हवा खापरांच्या फटींतून निघून जाई आणि जमिनीचा गारवा टिकून राही. आपण सिमेंट आणि पत्रा वापरणार असू, तर तेच काम निराळ्या साधनांनी साधावे लागेल.

नळ्यांतून थंड पाणी?

येथे चौकस वाचक विचारील की, नळ्यांतून गरम पाण्याऐवजी थंड पाणी खेळविले तर? तत्त्वतः हे शक्य आहे, आणि भारतात झालेलेही आहे. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिस कंपनीने आपल्या एका कार्यालयीन इमारतीच्या अर्ध्या भागात नेहमीचे वातानुकूलन ठेवले आणि उरलेल्या अर्ध्या भागात काँक्रीटच्या छतात नळ्या बसवून थंड पाणी खेळविले. दोहोंची तुलना केली असता नळ्यांच्या भागाला वीज लक्षणीय प्रमाणात कमी लागली. परंतु तेथे आत येणारी हवा यंत्राने कोरडी केली जाते, आणि सारी मेख तेथेच आहे.

हवेतील बाष्पाचे पाणी ज्या तापमानाला होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू १४-१५ अंशांवर असतो; तेव्हा २४ अंशांच्या थंड जमिनीवर एक थेंबही साचणार नाही. मात्र श्रावणात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २७ अंशांवर येतो. त्या वेळी तीच २४ अंशांची जमीन पाण्याच्या थंड भांड्यासारखी घामेजेल. ओल्या जमिनीवर पाय घसरेल, हत्यारे गंजतील, आणि विजेवर चालणारे यंत्र हातात असेल तर ओलावा जिवावर बेतेल. म्हणून घरगुती कर्मशाळेत नळ्यांच्या भानगडीत पडू नये, हेच श्रेयस्कर. उन्हाळ्यात साधा वाळ्याचा कुलर रायपुरात उत्तम चालतो, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि पाण्याचे बाष्पीभवन तिला पंधरा अंशांपर्यंत निववू शकते. पावसाळ्यात तो बंद करून खिडक्या उघडाव्या आणि पंख्यावर भिस्त ठेवावी.

माती ओळखून पाया

रायपूरच्या परिसरात शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतात : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा ही लाल, खडेमिश्रित, मुरमाड माती. शेतीला ती निकृष्ट, पण पायाला भक्कम. मटासी पिवळसर आणि हलकी. कन्हार ही काळी, चिकण. नागपूर-वऱ्हाडच्या वाचकाला तिचा स्वभाव सांगावयास नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर घातलेली जमीन वर्षा-दोन वर्षांत उचलते किंवा खचते. डोरसा ही मटासी व कन्हार यांच्या मधली.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आवारात दोन-तीन ठिकाणी खड्डे खणून खाली काय आहे, हे पाहावे. काळी माती थोड्या जाडीची असेल, तर ती काढून टाकून मुरूम भरावा. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर द्यावे, प्रत्येक थरावर पाणी मारावे आणि तो धुमसाने नीट ठोकावा. काळी माती खोलवर असेल, तर भिंतींसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीकरिता विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पाइल घालण्याविषयी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. मोठी झाडे कन्हार मातीतील पाणी ओढून तिला अधिकच आकसवितात. तेव्हा पश्चिमेच्या सावलीसाठी कडुनिंब लावावयाचा असेल, तर तो भिंतीपासून पुरेसा दूर असावा.

जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उंच हवे. पावसाळ्यात आवारात पाणी तुंबत असेल, तर त्याहूनही अधिक. ३० सेंटिमीटर चढण्यासाठी आठास एक या प्रमाणात मोटारीचा उतार सुमारे अडीच मीटर लांब होतो. त्याची जागा आराखड्यातच राखून ठेवावी. मुरमावर वाळवी प्रतिबंधक औषधाची फवारणी करून घ्यावी, कारण कर्मशाळेतील लाकूड वाळवीला आमंत्रणच असते. त्यावर वाळूचा पातळ थर आणि मग जाड पॉलिथिलीनचा कागद अंथरावा. हा कागद मातीतील ओल अडवितो, पण पातळ असल्याने मातीचा गारवा अडवीत नाही.

काँक्रीटचा दिवस

या भागात काँक्रीटचे साहित्य हाताशी आहे. रायपूरभोवतीच्या चुनखडकाच्या थरांमुळे येथे सिमेंटचे अनेक कारखाने उभे राहिले. रायपूरजवळच्या भिलाई येथे पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि तिथल्या मळीपासून स्लॅग सिमेंटही होऊ लागले. हे सिमेंट घट्ट होताना साध्या सिमेंटपेक्षा कमी उष्णता निर्माण करते, म्हणून उष्ण प्रदेशात ते उपयुक्त आहे; मात्र त्याला पाणी अधिक दिवस द्यावे लागते.

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणाने आपल्या ३ घनमीटर काँक्रीटला सुमारे २४ पोती सिमेंट लागेल. एका पोत्यास, वाळूतील ओल धरून, २५ ते २७ लिटरपेक्षा अधिक पाणी घालू नये. मिश्रण सैल केले की ओतणाऱ्याचे श्रम वाचतात, पण मालकाची जमीन दुबळी होते. अधिकचे पाणी उडून गेले की मागे छिद्रे राहतात आणि पृष्ठभागाची भुकटी सुटते.

उन्हाळ्यात काम करणे अटळ असेल, तर ते पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे किंवा सूर्यास्तानंतर हाती घ्यावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील तापलेले पाणी वापरू नये; खडीवर आदल्या रात्री पाणी शिंपडून ती सावलीत झाकून ठेवावी. भारतीय मानकानुसार काँक्रीट घालताना त्याचे तापमान ४० अंशांखाली असावे लागते. गरम कोरड्या वाऱ्यात पृष्ठभागावरचे पाणी इतक्या झपाट्याने उडते की, तासाभरातच बारीक भेगांचे जाळे उमटते.

या वेळापत्रकाचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. खडीची घमेली डोक्यावर वाहणारे मजूर आणि रेजा हे कुणी यंत्र नव्हेत. बेचाळीस अंशांच्या उन्हात काँक्रीट जितके बिघडते, त्याहून अधिक वेगाने माणसाचे शरीर बिघडते. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे, अंग तापून घाम थांबणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे. सावली, पिण्याचे थंड पाणी आणि दुपारची सक्तीची विश्रांती यांचा खर्च अंदाजपत्रकात वाळू-सिमेंटच्या बरोबरीने मांडावा.

काँक्रीट पृष्ठभागावर घट्ट होऊ लागले की लाकडी रंध्याने आणि शेवटी लोखंडी थापीने ते साफ करावे. कोरडे सिमेंट भुरभुरवून चकाकी आणण्याची रीत टाळावी. तो पापुद्रा पुढे सुटतो. दाराकडे शंभरास एक असा हलका उतार ठेवावा. दुसऱ्या दिवसाच्या आत, उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर, करवतीने मध्यभागी आडवा व उभा असे दोन छेद सुमारे ३ सेंटिमीटर खोल घ्यावे. त्यामुळे जमिनीचे ३ मीटर बाय २ मीटरचे चार भाग पडतात. आकसताना काँक्रीट कोठेतरी तडकणारच. ते आपण आखलेल्या रेषेवर तडकावे, एवढाच या छेदांचा हेतू.

नंतर मातीची आळी करून दोन सेंटिमीटर पाणी साठवावे, किंवा गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे. कोरड्या उष्ण हवेत निदान १० दिवस आणि स्लॅग सिमेंट असल्यास १४ दिवस हे चालू ठेवावे. एका वेळच्या साठवणीस जेमतेम ४८० लिटर पाणी पुरते. जमिनीचे पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य या चौदा दिवसांवर अवलंबून असते, तरीही कंटाळा येतो तो नेमका येथेच.

छत, हवा आणि सुरक्षितता

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे पश्चिमेची तापणारी भिंत आखूड होते. त्या भिंतीला खिडकी नसावी. हत्यारांची फळी, कपाटे व लाकडांचा साठा तेथे ठेवावा. छत काँक्रीटचे असेल, तर वर चुन्याची पांढरी सफेती द्यावी किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करावी. पत्रा घालावयाचा असेल, तर त्याच्याखाली छताचा दुसरा पडदा देऊन मधल्या पोकळीतून वारा वाहू द्यावा. पाश्चात्त्य आकृतीत जमिनीखाली असलेले तक्ते येथेच, या पडद्यावर अंथरावे.

कर्मशाळा घरापासून अलग ठेवण्यामागे आवाज व धूळ एवढीच कारणे नाहीत. रंगांची वाफ, पेट्रोल आणि भुसा ही आगीची बीजे आहेत. राहत्या घरातील मुलांच्या व वृद्धांच्या झोपेखाली ती असू नयेत. बंद खोलीत मोटारीचे इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आणि छताजवळचे झरोके म्हणूनच हवेत. विजेच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारे यंत्र बसवावे, भूयोजन तपासून घ्यावे आणि प्लगपेट्या जमिनीपासून मीटरभर उंच ठेवाव्या. बांधकामापूर्वी नगर निगमाची परवानगी घेणे आणि सीमाभिंतीपासून सोडावयाचे अंतर पाळणे हेही विसरू नये.

उबदार जमीन आणि शीतल जमीन या वरवर परस्परविरोधी कल्पना आहेत. त्यांच्या मुळाशी असलेले शास्त्र मात्र एकच आहे. जड वस्तू उष्णता सावकाश घेते आणि सावकाश देते, व माणसाला भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान जाणवते. मॅडिसनच्या हिमात या नियमांनी जमिनीत नळ घातले. रायपूरच्या उन्हात तेच नियम जमीन मोकळी ठेवून छताकडे लक्ष देण्यास सांगतात. अशा रीतीने बांधलेल्या खोलीत एखादा निवृत्त गृहस्थ मे महिन्यातील सकाळ संपेपर्यंत नातवंडांसाठी लाकडी गाडी घडवू शकेल, किंवा एखादा तरुण तेथेच दुरुस्तीचा छोटा व्यवसाय वर्षाचे बाराही महिने चालवू शकेल.